खिडकी नंबर चारचं गाणं

४ फेब्रुवारी

जगप्रसिद्ध बंधुराजांस,

ताईचे आशीर्वाद. आधी अभिनंदन करून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

तुझं गाणं गाजतंय. गाजतंय म्हणजे काय, अंगावर येतंय. सकाळी बसचा ड्रायव्हर तेच लावतो. परवा दाताच्या डॉक्टरकडे गेले, तर तोंडात मशीन आणि कानात तू. आमच्या लिफ्टचं दार लागताना पूर्वी नुसतं टिंग व्हायचं, आता एक बाई लाडात येऊन 'उद्या या' म्हणते. तुझे भाऊजी, ज्यांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही मान हलवली नाही, ते सकाळच्या व्यायाम मंडळात या गाण्यावर कंबर हलवून घरी येतात आणि मला सांगतात, "स्टेप सोपी आहे गं. हात काचेवर ठेवल्यासारखा करायचा."

काचेवर! कुणाच्या काचेवर, ते मात्र विचारायचं नाही.

एकोणीस वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात खिडकी नंबर चारवर बसतेय. काचेला खाली अर्धगोल भोक आहे. त्यातून कागद आत येतो. मी रकाने तपासते, आणि सहीला साहेब जागेवर नसले की म्हणते, "उद्या या." साहेब अकरानंतर जागेवर नसतातच, त्यामुळे दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणावं लागतं. ही माझी अदा नाही रे बाबा, साहेबांची सवय आहे. आणि तू काय लिहिलंस?

'खिडकी नंबर चार, तुझा काचेचा कारभार,
मी म्हटलं आज, तू म्हणालीस, उद्या या!'

मागून चाळीस पोरी, 'उद्या या, उद्या या!' छप्पन्न वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या सख्ख्या बहिणीवर प्रेमगीत लिहिणारा तू पहिलाच असशील.

गेल्या सोमवारी कुणीतरी माझा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, 'खरी उद्या या बाई सापडली.' जशी काही मी हरवले होते. आता रांगेतल्या निम्म्या लोकांच्या घरी ना कुणी जन्मलेलं असतं, ना कुणी गेलेलं. फोन उंच धरून म्हणतात, "बाई, एकदाच म्हणा ना, प्लीज."

आपली मास्तरीण असती, तर तिने तुझा कान धरून तुला माझ्यासमोर उभं केलं असतं. नवऱ्याच्या, म्हणजे तुझ्याच, ओळीतलं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा न सोडणारी बाई ती. तिला जाऊन चार वर्षं झाली आणि तुला विचारणारं घरात कुणी उरलं नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर तू विषय बदलतोस. आमच्याकडे तोंडी माहिती ग्राह्य धरत नाहीत. लेखी खुलासा कर. बहिणीची अशी जाहीर टिंगल का केलीस?

तुझी,
खिडकी नंबर चार


११ फेब्रुवारी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. खांदा धरलाय, त्यामुळे अर्धाच समज.

तुझा मेमो मिळाला. वीस वर्षं मी शाळेत गाणं शिकवून उरलेल्या वेळात जाहिरातींच्या ओळी लिहिल्या. पंख्यावर लिहिल्या, डासांच्या कॉइलवर लिहिल्या. तेव्हा घरातल्या कुणी एका शब्दाने विचारलं नाही की बाबा, त्या डासांत आम्ही आहोत का? आता एक गाणं चाललं, तर पहिली तक्रार सख्ख्या बहिणीची.

खरं सांगतो, मी लिहिलं ते गाणं संथ होतं. पेटीवर एकट्याने म्हणायचं. ते मी एका संगीत निर्मात्याला ऐकवलं. वय सत्तावीस, गॉगल खोलीतसुद्धा डोळ्यांवर, म्हणून सगळे त्याला गॉगलशेठ म्हणतात. त्याने ते डोळे मिटून ऐकलं. म्हणजे मिटले असावेत. मग म्हणाला, "सर, यात दर्द आहे. पण सर, दर्दावर नाचता आलं पाहिजे." आठवड्याने त्याने मला बोलावून जे ऐकवलं, त्याला मी ओळखलंच नाही. नम्रपणे विचारलं, "हे कुणाचं?"

आता तुझा मुद्दा. खिडकी नंबर चार तूच कशावरून? जगात जिथे जिथे रांग आहे, तिथे तिथे चार नंबरची खिडकी आहे. 'कारभार'ला 'चार' जुळतं एवढंच. तीन घेतलं असतं तर यमकासाठी 'शिलाई मशीन' आणावं लागलं असतं. आणि 'उद्या या' म्हणण्याचा मक्ता काय तुझ्याकडे आहे? आमचा प्लंबर चार महिने तेच म्हणतोय.

माझेही हाल ऐक. वर्गात गृहपाठ मागितला की चाळीस पोरं एका सुरात 'उद्या या' म्हणतात. तेवढं एकच गाणं ती सुरात म्हणतात, हे शिक्षक म्हणून मान्य करावं लागतं. मुख्याध्यापिका माझ्याकडे असं बघतात की जणू मी शाळेत साथीचा रोग आणलाय.

तेव्हा राग सोड. प्रसिद्धी दाराशी आलीच आहे, तर केस विंचरून बसत जा. भाऊजींना सांग, त्या स्टेपमध्ये हात नाही, खांदा महत्त्वाचा.

तुझा,
निरपराध भाऊ


२६ फेब्रुवारी

निरपराध भावास,

आशीर्वाद. तुझा खुलासा फाइलला लावलाय. समाधानकारक वाटला नाही.

मी ठरवलं, या लोकांच्या तोंडावर ते दोन शब्द म्हणायचेच नाहीत. पहिल्या दिवशी म्हटलं, "सोमवारी या." रांगेतून "ओऽऽह" असा निराशेचा आवाज आला, जसा काही मी कॅच सोडला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "साहेब आल्यावर या." एका तरुणाने तर मला चाल लावून दाखवली आणि म्हणाला, "बाई, मीटरमध्ये बसत नाही." मग लक्षात आलं की ते शब्द टाळायचा एकच रस्ता आहे. दाखला त्याच दिवशी द्यायचा!

एकोणीस वर्षांत हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता, तो तुझ्या गाण्याने आणला.

आता सही साहेबांची लागते. साहेब अकराला 'पाहणीला' जातात. मी रजिस्टर काखेत मारून मागोमाग निघाले. पहिल्या दिवशी समोरच्या सलूनमध्ये सापडले. तोंडाला फेस, गळ्यात टॉवेल. मी म्हटलं, "साहेब, अकरा दाखले आहेत." ते म्हणाले, "अहो, मी या अवस्थेत..." मी म्हटलं, "हात तर मोकळा आहे ना?" अकरा सह्या घेतल्या. एका दाखल्यावर फेसाचा ठिपका पडला, पण त्या बाळाच्या आईने काही हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गाठलं, तिसऱ्या दिवशी त्यांच्या मेहुण्याच्या दुकानात. चौथ्या दिवसापासून ते दमून जागेवरच बसायला लागले.

परिणाम ऐक. दुपारी एकला रांग संपते. खिडकी दोन आणि तीनच्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. पेपरवाले आले, साहेबांचा फोटो छापला, 'कार्यतत्पर अधिकारी'. त्यांचा सत्कार झाला. सत्काराला कुठलं गाणं वाजवलं, ते तूच ओळख. साहेबांनी खांदे उडवले. विरोधी पक्षाने तेच गाणं मोर्चात वाजवलं आणि सत्ताधाऱ्यांनी ते उद्घाटनात वाजवलं. दोघांनाही ते आपलंच वाटतं.

पण माझी तक्रार मिटलेली नाही. उलट वाढलीय. काल लिफ्ट अडकली आणि आत एका पोराच्या फोनवर ते चालू होतं, म्हणून ते गाणं मला पहिल्यांदा पूर्ण ऐकावं लागलं. दुसरं कडवं असं आहे:

'काच तुझी तडकली, पिवळी पट्टी चिकटली,
काळीज माझं तडकलं, तेव्हा पट्टी संपली.'

माझ्या खिडकीची काच तडकली होती. शिपायाने तिला पिवळी चिकटपट्टी लावली होती. पण ते चार वर्षांपूर्वी, फार तर दोन महिने. मग काच बदलली. जो त्या दोन महिन्यांत माझ्या खिडकीसमोर उभा राहिला, त्यालाच ते माहीत. आणि तू तर छातीठोकपणे सांगायचास की ताईच्या कार्यालयात मी पाऊल ठेवणार नाही, मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे.

आला होतास ना? मला न सांगता, लपून, चेष्टेचा माल गोळा करायला? कधी आला होतास? तारीख लिही.

ताई


५ मार्च

ती. ताई,

तू चुकून कारकून झालीस, पोलिसात जायला हवी होतीस.

अगं, तडकलेली काच ही कवीची कल्पना. काचेचा विषय आला की ती तडकणारच, आणि पट्टीचे रंग असून असून किती असणार? उगाच तारखा काय मागतेस?

महत्त्वाची बातमी वेगळीच आहे. गॉगलशेठ या गाण्याचा भाग दोन काढतोय. मोठा मंच, मंचावर खोटी खिडकी, आणि काचेमागे खुद्द तू! फक्त दोन शब्द म्हणायचे आणि शिक्का मारायचा. शिक्का मारला की धूर सुटणार. मी त्याला सांगितलं की आमची ताई धुरावर चिडते. तो म्हणाला, "सर, चिडलेलीच हवी आहे."

काय कळवू त्याला? घाईत आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ


१४ मार्च

बाळा,

मंचाचं नंतर. आधी काल काय झालं ते सांगते. यात टोमणा शोधू नकोस, सापडणार नाही.

साडेदहाच्या सुमाराला एक आजोबा खिडकीशी आले. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक घर चुकलेली. त्यांनी कागद आत सरकवला. बायको गेली होती, चार दिवसांपूर्वी, हॉस्पिटलात. मी रकाने तपासत होते, तेवढ्यात मागून पाच-सहा कॉलेजच्या पोरापोरींनी फोन वर केले आणि एकदम सुरू केलं, 'खिडकी नंबर चाऽऽर...'

माझं डोकंच फिरलं. मी उठले, बाजूच्या दाराने बाहेर गेले. एकोणीस वर्षांत कामाच्या वेळी मी त्या दाराने रांगेच्या बाजूला आलेली नाही. म्हटलं, "लाज आहे का रे? हे गृहस्थ बायकोच्या मृत्यूची नोंद करायला आलेत. तुम्हाला नाचायला दुसरी जागा नाही?" पोरांचे चेहरे पांढरे पडले. एका मुलीच्या हातातून फोन खाली पडला.

आणि आजोबा काय म्हणाले असतील? "अहो बाई, ओरडू नका त्यांना. म्हणू देत. तिला हे गाणं फार आवडायचं."

मी त्यांना आत आणून माझ्या खुर्चीवर बसवलं. ते सांगत होते. शेवटचा महिनाभर त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. वॉर्डातली नर्स सकाळी चादरी बदलताना फोनवर हे गाणं लावायची. तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण चादरीखाली उजवा पाय ठेका धरायचा. आजोबा मला स्वतःच्या पायाने दाखवत होते कसा ते. तुझ्या भाऊजींपेक्षा बराच तालात होता.

मग त्यांनी हळूच विचारलं, "गाण्यातल्या त्या बाई तुम्हीच ना? एकदा म्हणता का? घरी जाऊन तिच्या फोटोला सांगेन, त्या बाईंनी मला स्वतः म्हटलं म्हणून."

रोज चाळीस वेळा म्हणत होते रे मी ते. त्यात काय होतं? पण माझ्या हातात शिक्का होता, समोर त्यांचा कागद होता आणि मला ते म्हणवलं नाही. साहेबांनी सही केली, मी शिक्का मारला. आजोबा दाखल्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर मी कपाटातून कार्यालयाचं सामानाचं रजिस्टर काढलं. काच तडकली, ५ ऑगस्ट. नवी काच बसवली, ३ ऑक्टोबर. माझ्याच अक्षरातली नोंद. मास्तरीण १९ ऑगस्टला गेली. तिला इथल्या हॉस्पिटलात आणलं होतं म्हणून तू तेव्हा आमच्याकडेच राहत होतास.

चेष्टेसाठी आला नव्हतास ना तू?

आता सरळ लिही.

ताई


२० मार्च

ताई,

सरळ लिहितो.

मास्तरीण जाऊन सहा दिवस झाले होते. दाखला मीच आणते, असं तू म्हणाली होतीस. पण तुझ्या घरी येणारी माणसं माझ्याकडे बघून सुस्कारे टाकत होती, आणि प्रत्येक सुस्काऱ्यानंतर माझ्यापुढे चहा येत होता. मला बाहेर पडायचं होतं. भाऊजींचा जुना कोट घातला, दाढी वाढलेलीच होती, हॉस्पिटलचा कागद खिशात घातला आणि तुझ्या कार्यालयात आलो. तुला सांगितलं असतं तर तू मला आत बसवून पंखा लावला असतास. मला रांगेत उभं राहायचं होतं. तिथे कुणी मला ओळखत नव्हतं, म्हणून बरं वाटत होतं.

दीड तास उभा होतो. पिवळी पट्टी बघत होतो. माझा नंबर आला. मी कागद आत सरकवला. तू तो बघितलासही नाहीस. दोन बोटांनी परत बाहेर ढकललास आणि रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता म्हणालीस, "साहेब नाहीत. उद्या या."

त्या दिवशी संध्याकाळी तू मला जेवायला वाढताना म्हणालीस, "अरे, आज साहेब नव्हते, उद्या आणते हं." मी "बरं" म्हटलं.

राग आला होता का? आला होता. वर्षभर होता. त्या रागातच गाणं लिहायला बसलो, चांगलं झणझणीत लिहायचं म्हणून. दोन कडवी तशी झालीसुद्धा. तिसरं लिहायला गेलो आणि वेगळंच काहीतरी झालं. ते तू ऐकलेलं नाहीस. कुणीच ऐकलेलं नाही.

'कागद माझ्या हातात, नाव तिचं कागदात,
एक शिक्का बसला की ती नाही जगात.
बाई, तुमचे उपकार, तुम्ही शिक्का नाही मारलात,
आजच्यापुरती आहे ती माझ्याच घरात.'

तुझ्या कार्यालयातून परत येताना मी खरंच तसा चालत होतो, ताई. खिशातला कागद तसाच होता. सरकारदरबारी ती अजून होती. माणसाला वेड लागतं तेव्हा असंच लागत असेल.

आता ज्याची लाज वाटते ते. हे कडवं गॉगलशेठने काढलं. म्हणाला, "सर, इथे लोक पुढचं गाणं लावतील." वीस वर्षं डासांवर लिहिणाऱ्या माणसाला कुणीतरी गाणं घेतो म्हणत होतं. मी मान डोलावली. मास्तरणीचंच कडवं होतं ते, आणि मीच ते जाऊ दिलं. तुझी टिंगल नव्हती केली मी. केलंच असेल काही वाईट, तर तिचं केलं.

भाऊ


२८ मार्च

बाळा,

तुझं पत्र मी कार्यालयातल्या रेकॉर्डच्या खोलीत दार लावून वाचलं. बाहेर आले तर खिडकी तीनवालीने विचारलं, डोळ्यांना काय झालं? म्हटलं, धुळीची अ‍ॅलर्जी. आपल्या घराण्यातच आहे.

तुझा कागद मी बघितला नाही. भाऊ समोर उभा होता आणि मी वर मान केली नाही. यावर माझ्याकडे खुलासा नाही. साहेब नव्हते हे खरं, पण मान तर माझी होती.

आणि तूही कमाल आहेस. माझ्या पानावर बसून 'बरं' म्हणालास! ताट भिरकावायचंस. चार वर्षं पोटात ठेवलंस आणि मग सगळ्या जगाला सांगितलंस, फक्त मला सोडून. तेही ढोलासकट.

कडवं ह्यांना वाचून दाखवलं. हे उठून गॅलरीत गेले आणि कुंडीला पाणी घालत बसले. कुंडी भरून वाहायला लागली तरी हलेनात. दुसऱ्या दिवशी व्यायाम मंडळात म्हणाले, हे गाणं बंद करा. मंडळाने ठराव करून ह्यांनाच मागच्या रांगेत उभं केलं.

मंचावर मी येणार नाही, हे त्या गॉगलला कळव. पण तू जा त्याच्याकडे. तिचं कडवं परत माग. शाळेतल्या मास्तरसारखा मागू नकोस, मी साहेबांकडे सह्या मागते तसा माग.

ताई


१९ एप्रिल

ती. ताई,

गेलो होतो. कडवं म्हणून दाखवलं. गॉगलशेठने गॉगल काढला. डोळे फारच लहान निघाले, आणि ओले होते. ते पुसून म्हणाला, "सर, हे तर सगळ्यात भारी आहे. भाग दोनमध्ये हेच घेऊ."

घेतलं. आठवड्याने ऐकलं. 'ती नाही जगात'च्या मागे टाळ्या टाकल्यात. 'माझ्याच घरात'नंतर एक मुलगी खिदळते. काचेमागे चमचमत्या कपड्यातली नटी आहे. मी तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं की भाग दोनवरून माझं नाव काढा आणि कडवंही काढा. गॉगलशेठ मनाने वाईट नाही, त्याने दोन्ही काढलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. भाग दोन जोरात चाललाय. नाव आणि कडवं नसल्यामुळेच चालला असावा.

मग मी शाळेत, आठवीच्या तासाला, पेटीवर संथ चालीत तिन्ही कडवी म्हटली. पोरं सुरुवातीला खांदे उडवायला लागली, मग थांबली. तास संपल्यावर एक मुलगी विचारून गेली, "सर, त्या तुमच्या मिसेस होत्या का?" मी हो म्हटलं. चार वर्षांत शाळेत कुणाशी तिच्याबद्दल बोललो नव्हतो.

एक काम आहे. आमचा विजेचा मीटर मास्तरणीच्या नावावर आहे. दर महिन्याला बिल तिच्या नावाने येतं. मी ते बदललं नाही. का, ते तुला आता सांगायला नको. वीज कार्यालयाची नोटीस आलीय, नाव बदला. त्यांना दाखल्याची नवी प्रमाणित प्रत हवी, जुनी चालत नाही.

पोस्टाने पाठवू नकोस. मंगळवारी मी येतो. रांगेतच उभा राहीन. ओळख दाखवून पुढे घेऊ नकोस, लोक ओरडतील.

भाऊ


२४ एप्रिल

बाळा,

परवा तू गाडीत बसलास, तेव्हा खिडकीतून हात करण्यापलीकडे काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

मंगळवारी तू दहा वाजून पाच मिनिटांनी दारातून आत आलास, तेव्हाच मी तुला बघितलं. रांगेत तुझा सातवा नंबर होता. तुझ्या पुढे जुळ्यांचा बाप होता, त्याला दोन्ही मुलींच्या नावात घोळ घालायचा होता. मी एरवी खेकसले असते. त्या दिवशी नीट समजावलं. साहेब जागेवर होते. मी त्यांच्या केबिनच्या दाराला बाहेरून खुर्ची लावून ठेवली होती.

तू आलास. कागद आत सरकवलास. मी वर बघितलं. किती पिकलास रे तू!

नियमाप्रमाणे विचारावं लागतं, म्हणून विचारलं, "मृत व्यक्तीशी नातं?" तू म्हणालास, "नवरा." आवाज चांगला लागला होता तुझा.

मी जुनं रजिस्टर काढलं. एकोणीस वर्षं मी नावं उतरवतेय, डोळे अक्षरांवर आणि डोकं दुसरीकडे. तिची नोंदही मीच घेतली होती, त्याच ऑगस्टमध्ये. तिच्या नावातला दुसरा उकार मी ऱ्हस्व लिहिला होता. दीर्घ हवा. चार वर्षं ती चुकीच्या स्पेलिंगने तिथे पडून होती, आणि ती कोण, तर मास्तरीण! मी लाल शाईने दुरुस्ती केली, बाजूला सही केली, साहेबांची घेतली. तू काचेतून बघत होतास आणि तुला कळत नव्हतं की मी एवढा वेळ काय करतेय. ते हे करत होते.

मग प्रत लिहिली. शिक्का हातात घेतला आणि तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस, तेव्हाच मारला.

तू प्रत घडी करून खिशात ठेवलीस आणि बाजूला झालास. तुझ्यामागे एक बाई होत्या, कडेवर तान्हं घेऊन. त्यांनी भोकातून वाकून विचारलं, "बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? मी नंतर येऊ का?"

मी म्हटलं, "नाही हो. द्या तो कागद. बाळाचं नाव काय ठेवलंत?"

तुझी,
ताई